गांगुर्डे बाईंचे चिंचोके

गांगुर्डे बाईंनी मला एकदा भर वर्गात घोरताना पकडलं आणि रागवायच्या ऐवजी माझे आभार मानले. अख्ख्या नोकरीत झोपल्याबद्दल माझे आभार मानणारं हे एकच माणूस मला भेटलं.

माझं शिक्षण चौथी, तेही ढकलत ढकलत. लिहायची सवय नाही. पण संक्रांतीच्या आधी आमची सगुणा गेली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती. मला कधी भाऊ समजायची, कधी डॉक्टर. एका दुपारी मात्र उशीवरून मान उचलून स्पष्ट म्हणाली, "अहो, बाईंना चहा दिला का?" मी म्हटलं, कोणत्या बाई? तर असं बघितलं माझ्याकडं, की ह्या माणसाबरोबर मी संसार केला तरी कसा. आमच्या घरात बाई म्हणजे एकच, गांगुर्डे बाई. आता मी नुसता भिंतीला टेकून बसतो म्हणून सुनेनं वही आणून दिली, बाबा, लिहा काहीतरी. शुद्धलेखन तिनंच बघितलंय. मधल्या शिव्या तिनं खोडल्या. त्यातली एक मी परत घातली आहे.

मी शाळेत शिपाई होतो. अंबडच्या अलीकडं आमची शाळा, सातवीपर्यंतची. आणीबाणी उठून गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. अंबडला कारखाने उभे राहायला लागले होते. शाळेच्या एका अंगाला द्राक्षांचे मळे, दुसऱ्या अंगाला खडी नि सिमेंटचे ट्रक. पोरंही तशीच मिसळ. काही शेतकऱ्यांची, काही कंपनीत लागलेल्यांची, काही पेठ-सुरगाण्याकडून पोटासाठी खाली उतरलेल्या लोकांची. सगुणा शाळेच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायची. बोरं, चिंचा, पेरू, मीठ-मिरची लावून कैरी.

बाई नाशिकरोडहून सायकलीवर यायच्या. उंच, हडकुळ्या, लग्न केलेलं नाही, घरी एक म्हातारी आई. कानावर खडू ठेवायच्या, सुतार पेन्सिल ठेवतो तसा. दुपारपर्यंत कानामागचे केस पांढरे व्हायचे. सगुणा म्हणायची, "बाई सकाळी तरण्या येतात आन संध्याकाळी म्हाताऱ्या होऊन जातात." डोक्यात काही घोळत असलं की सायकल शाळा ओलांडून सरळ पुढं जायची. मी फाटकातून ओरडायचो, "बाई, शाळा मागं राहिली!" त्या लांबूनच हात करायच्या, "आले मामा, एवढा विचार संपू दे!"

एका उन्हाळ्यात सगळ्या मास्तरांना कसल्याशा शिबिराला पाठवलं. बाकीचे तिकडून पित्त घेऊन आले. बाई एक शब्द घेऊन आल्या, कृतिसंशोधन. मी विचारलं, हे काय असतं? म्हणाल्या, "आपण वर्गात काय करतो आणि त्यानं मुलांचं काय होतं, हे आपलं आपणच तपासायचं."

मी म्हटलं, "ह्यात तपासायचं काय? तुम्ही शिकवता, पोरं शिकत नाहीत. हे तर मला पण माहीत आहे."

"तेच तर, मामा. असं का बरं?"

हे 'असं का बरं' म्हणजे बाईंचं पालुपद. दुसरा कुणी असं म्हटला की समजावं, त्याला उत्तर नकोय. बाई मात्र म्हणून झाल्यावर तोंडाकडं बघत थांबायच्या. लय अवघड व्हायचं. काहीतरी बोलावंच लागायचं.

तर ती झोपेची गोष्ट. बाईंचा वर्ग चौथीचा. त्यांनी मला सांगितलं, "मामा, आज तुम्ही शेवटच्या रांगेत बसा. मी शिकवताना कुणाकडे बघते आणि कुणाकडे बघत नाही, तेवढं फक्त ध्यानात ठेवा." काम सोपं होतं. मी भिंतीला टेकलो. तरटपट्टी मऊ, वारा बरा, बाईंचा आवाज लांबून यायला लागला. जाग आली ती पोरांच्या हसण्यानं. समोर बाई उभ्या. मला वाटलं, आता हेडमास्तरांपुढं उभं करणार.

"मामा, आभारी आहे," बाई म्हणाल्या. "तिथं बसलेला मोठा माणूस झोपतो, तर लेकरांचं काय होत असेल!"

सगळी पोरं हसत होती, पण माझ्या शेजारची एक पोरगी हसत नव्हती. सोनी तिचं नाव. सुरगाण्याकडची. बाप पाया खणायच्या कामावर. दीड वर्ष शाळेत होती आणि तोंडातून शब्द नाही. हजेरीला सुद्धा नुसतं बोट वर. बाकी मास्तरांनी ठरवून टाकलं होतं की पोरगी मुकी आहे नाहीतर मंद आहे. बाईंना ते पटत नव्हतं. त्या दिवसापासून सोनीनं तोंड उघडणं हाच त्यांचा ध्यास झाला. आणि त्या ध्यासाची हमाली माझ्याकडं आली.

पहिलं फर्मान निघालं, फळा हलवा. शेवटची रांग पहिली व्हायला पाहिजे. फळा लाकडी, त्याचा स्टँड तीन पायांचा, त्यातला एक आखूड. मी तो उचलून मागच्या भिंतीला नेला. पोरं उलटी फिरली. सोनी आपोआप पहिल्या रांगेत! बाई खूश. दुसऱ्या दिवशी बघतो तर सोनी उठून नव्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलेली. मग फळा खिडकीच्या भिंतीला. सोनी परत मागं. फळा दाराकडं. सोनी मागं. मी घामाघूम. म्हटलं, "बाई, फळ्याच्या ऐवजी त्या पोरीलाच उचलून ठेवतो की!"

"नको मामा. ती कुठं जाते तेच मला बघायचं होतं. म्हणजे दोष फळ्याचा नाही."

च्यायला, हे फळा हलवायच्या आधी नाही का कळत!

ह्या फळ्याच्या धांदलीत एक दिवस हेडमास्तर देवरे गुरुजी वर्गात आले. सटाण्याकडचे. एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायचे, पण संतापले की अहिराणी सुटायची. दारातून आत पाऊल टाकलं तर साठ पोरांच्या पाठी त्यांच्याकडं. गुरुजींनी पाठींना विचारलं, "हाई शाळा शे का बजार शे?"

मग बाईंना ऑफिसात बोलावलं. मी दाराशी होतोच. गुरुजी म्हणाले, "बाई, शिबिरात शंभर गोष्टी सांगतात. त्या तिथंच ठेवून यायच्या असतात. थंडीत तपासणीचे साहेब येणार. ती सुरगाण्याची पोरगी साहेबांपुढं बोलली नाही, तर तिला मी परत दुसरीत बसवीन. आणि तुमचं संशोधन त्या दिवसापासून बंद."

"आणि बोलली तर?"

"बोलली तर तुम्हाला काय घालायचे ते धिंगाणे घाला. देवऱ्यांचा शब्द आहे."

बाई बाहेर आल्या त्या थेट फाटकाशी सगुणाच्या टोपलीपुढं बसल्या. बोरं खात म्हणाल्या, "मामी, दुसरीत बसवली तर ती पोरगी शाळा सोडेल. मी ओळखते. मी पण चौथीपर्यंत शाळेत एकच शब्द बोलले, हजर. गुरुजी मारकुटे नव्हते हो, चांगले होते. पण आमच्या भिंतीकडच्या रांगेला कुणी कधी काही विचारलं नाही. आणि आपणही विचारायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं."

सगुणानं त्यांच्या ओंजळीत आणखी बोरं टाकली.

मग आले डबे. डालड्याचे दोन रिकामे डबे बाईंनी टेबलावर ठेवले. बाईंनी प्रश्न विचारला की एका डब्यात चिंचोका, पोरांनी विचारला की दुसऱ्यात. चिंचोके पुरवायचं काम सगुणाचं. दुपारपर्यंत बाईंचा डबा काठोकाठ. पोरांच्या डब्यात खडखडाट. नाही म्हणायला एक भानगड झाली. एका पोरानं उठून विचारलं, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" दुसरं ओरडलं, "बाई, हा प्रश्न झाला का? टाकू का चिंचोका?"

बाई दोन दिवस त्यावर विचार करत होत्या. सायकल शाळेच्या पुढं जाऊन परत आली, त्यावरून मला कळलं. मग वर्गात जाहीर केलं, "टाकायचा. एवढा एकच प्रश्न तर आपण त्यांना शिकवलाय."

झालं! वर्गाला पाण्याचा नि लघवीचा रोग लागला. डबा भरायच्या ईर्ष्येनं पोरं दर घटकेला उठायची. माठ दुपारीच तळाला. विहिरीवरून पाणी कोण आणणार? मामा. पण डबा भरला, बाई त्या डब्याकडं असं बघायच्या की जणू दिवाळीचा फराळ. आणि एका सकाळी डबा रिकामा! चोर वगैरे कुणी नाही. सगुणानं आदल्या दिवशी चुकून भाजलेले चिंचोके दिले होते. शाळा सुटल्यावर पोरांनी कडाकडा फोडून सगळं संशोधन खाल्लं.

मला वाटलं, बाई आता रडणार. त्या डबा उलटा करून हसत सुटल्या. "मामी, कच्चेच द्या हो. ह्यांना प्रश्न पचतात, पण असे नको."

एव्हाना गावात कुरबूर सुरू झाली होती. मुलांनी काही विचारलं आणि बाईंना येत नसलं, तर त्या सरळ म्हणायच्या, "मला ठाऊक नाही. शोधू या." मास्तरीण असं म्हणते? एक बाप तणतणत आला. अंबडला कंपनीत लागलेला, अंगात निळा शर्ट.

"बाई, तुम्हाला येत नाय तर पगार कशाचा घेता? आन माझं पोरगं बिघडलं ते येगळंच. घरी येऊन मला इचारतं, बाबा, तुमच्या कंपनीत काय बनतं? आता मला काय ठाऊक?"

"तुम्ही तिथं काय करता?"

"नट पिळतो."

"तो नट कशात बसतो?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "ते मला कुनी सांगितलंय व्हय?"

बाई म्हणाल्या, "असं का बरं?" आणि त्याच्या तोंडाकडं बघत थांबल्या. मी आधीच सांगितलंय, ते लय अवघड असतं. तो माणूस टोपी चुरगळत निघून गेला. पुढच्या आठवड्यात तो परत आला, फाटकातूनच ओरडला, "पंप! बाई, पंपात बसतो नट! सुपरवायझरला इचारलं तर आधी लय बोलला, मंग दाखवला." त्याचा चेहरा असा फुललेला की पोरगं नाही, तोच पास झाला.

सोनी मात्र अजून तशीच. बाईंनी मग ठरवलं, आपलीच बडबड फार होते, डबाच सांगतोय. म्हणून दर बुधवारी एक तास स्वतः मौन धरायचं, मुलांनी एकमेकांना धडा समजावायचा. पहिल्या बुधवारी दंगल झाली. दुसऱ्या बुधवारी दंगलीतून अधूनमधून धडा ऐकू येत होता. नंतर नंतर दंगल कमी, धडा जास्त. सोनी सगळं बघायची, पण ओठ मिटलेले.

बाई हताश होऊन सगुणाला म्हणाल्या, "ही बोलतच नाही हो, मामी."

सगुणा खो खो हसली. "कोन, सोनी? ती तर माझं डोकं खाती! बोराला काटा का, चिंच आंबट का, तुमच्या म्हाताऱ्याला मिशी का नाय."

बाईंच्या हातातलं बोर हातातच राहिलं. "तुम्ही काय करता तिला बोलतं करायला?"

"काय करनार? मी आपली तांदूळ निवडत असते. तिच्याकडं बघत बी नाय."

झालं ते असं. पुढच्या बुधवारी बाईंनी सगुणाकडून सूप मागून घेतलं, त्यात आमच्याच घरचा तांदूळ, आणि मौनाच्या तासाला पोरांच्या मधोमध जमिनीवर बसून खाली मान घालून खडे निवडायला लागल्या. आमचे इतर मास्तर दारातून डोकावून तोंडाला रुमाल लावून जायचे. मी सगुणाला म्हटलं, "हे जरा जास्तच झालं." ती म्हणाली, "तुम्हाला भातात खडा लागतो का हल्ली?" नव्हता लागत, खरंय.

आणि काय सांगू, सोनी सरकत सरकत सुपाशी यायला लागली. एका बुधवारी हात घालून खडे वेचायला लागली. नंतर शेजारच्या पोरीच्या कानात काहीतरी बोलली. बाईंनी मान वर केली नाही. पण तिरकं माझ्याकडं बघून एक डोळा असा मिटला की मी चपापलो. बाईमाणसानं शाळेत डोळा मारलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

तपासणी गुरुवारी होती. देवरे गुरुजींनी भिंती पांढऱ्या करून घेतल्या, पोरांना नखं कापून यायला सांगितलं. साहेब बुधवारी आले. गुरुवारी त्यांना कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं.

जीप दारात, गुरुजी पुढं, साहेब मागं, मी त्यांच्या मागं. चौथीच्या वर्गात शिरलो तर धरणाचा धडा चालू होता. पोरांनी पाट्या उभ्या करून जमिनीवर धरण बांधलेलं, माठातलं पाणी ओतलेलं, आणि फुटेल की नाही यावर कडाक्याचं भांडण. मधोमध बाई मांडी घालून तांदूळ निवडत बसलेल्या, शेजारी चिंचोक्यांचे डबे. पोरं धडपडून उभी राहिली, "एक साथ नमस्ते!" त्या गडबडीत धरण फुटलं. पाणी साहेबांच्या बुटात.

साहेब म्हणाले, "बाई, काय चाललंय हे?"

बाई उठल्या, नमस्कार केला, फळ्यावर लिहिलं, 'आज मी ऐकते,' आणि परत सुपापाशी बसल्या.

देवरे गुरुजी घाईनं म्हणाले, "त्यांचा घसा बसलाय, साहेब."

"नाय साहेब," पुढचं एक कार्टं म्हणालं, "चांगला हाय घसा. सकाळी मलाच रागावल्या."

गुरुजींनी त्याच्याकडं असं बघितलं की ते कार्टं आपोआप खाली बसलं. साहेबांनी दोन-चार पोरांना पाढे विचारले. आले. धरण कशाला बांधतात विचारलं. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं ते खोडलं, तिसऱ्यानं दोघांना वेड्यात काढलं. साहेबांना सवय एका सुरात उत्तराची. ते वैतागले. मग गुरुजींनी सोनीकडं बोट केलं. "ही पाड्यावरची मुलगी, साहेब. हिला विचारा."

"नाव काय तुझं?"

सोनी गप्प.

"घर कुठं? वडील काय करतात?"

गप्प. बाईंचे हात सुपावर थांबलेले. मी खोटं बोलत नाही, माझेही हात आपोआप जोडले गेले होते. खिडकीबाहेर सगुणा उभी होती, सूप न्यायला आलेली. तिनं पदर दाताखाली धरला.

साहेबांनी मान हलवली. मग सगळेच साहेब शेवटी विचारतात ते विचारलं, "बरं. कुणाला काही विचारायचंय का?" ह्याचा अर्थ 'चहा झाला का' असा असतो. ते दाराकडं वळलेसुद्धा.

"साहेब."

आवाज बारीक, डोंगराकडच्या हेलाचा. सोनी उभी होती. "तुमी आले का आमी उभे कशाला राहतो? तुमी तर आमाला वळखत पन नाय."

साहेब दाराकडून परत वळले. बाईंनी शांतपणे हात लांब केला, एक चिंचोका उचलला आणि पोरांच्या डब्यात टाकला. टण्ण!

"हे काय होतं?" साहेब दचकले.

"काही नाही साहेब, चिंचोका," गुरुजी म्हणाले.

"चिंचोका कशाला?"

डब्यापाशी बसलेल्या दोन पोरांत लगेच जुंपली. "ए, साहेबांचा प्रश्न कुठल्या डब्यात टाकायचा रे?" "बाईंच्या!" "येडा का, ते पन शिकत्यात!" मग हात वर जायला लागले. साहेब, तुमची जीप कितीला पळते? साहेब, तुम्ही कधी नापास झाला व्हते का? साहेब, धरण फुटलं तर पहिलं गाव कुठलं जाईल? गुरुजी मला डोळ्यांनी खुणावत होते, घंटा दे, घंटा दे. मी निघालो. खिडकीपाशी सगुणानं माझी बाही धरली. "थांबा की वाईच. पोरगी अजून बोलतीय."

मी थांबलो. घंटा नेहमीच्या वेळेलाच दिली. उलट जरा उशिराच.

घंटा झाली तसं बाईंचं मौन सुटलं. त्या उभ्या राहिल्या, पदरावरचा तुसाचा कण झटकला आणि म्हणाल्या, "साहेब, तिला हे विचारायला दोन वर्षं लागली. तुम्ही उत्तराला दोन-चार दिवस घेतलेत तरी चालेल."

हे त्या बोलल्या नसत्या तर वाचल्या असत्या, असं देवरे गुरुजी पुढं कित्येक वर्षं म्हणायचे. सगुणा म्हणायची, मग त्या बाई कशाच्या!

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. सुरगाण्याच्या आतल्या अंगाला, एका पाड्यावर. कारण लिहिलं होतं, शाळेच्या वेळेत घरगुती धान्य निवडणे. मी गुरुजींकडं गेलो. म्हटलं, "तांदूळ माझा आहे. काढायचं तर मला काढा." गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "तुला कशाला कोण काढेल? तू थोडाच शिकवतोस?"

माणूस मात्र शब्दाचा पक्का. सोनी चौथीतच राहिली. बाईंच्या जागी वर्ग घ्यायला कुणी तयार होईना, म्हणून गुरुजींनी तो स्वतः घेतला. पंधरवड्यात डोकं धरून ऑफिसात बसले. "मामा, ह्या पोऱ्यासले कोनी बिघाडं हो? मी काही सांगितलं की विचारतात, गुरुजी, असं का बरं!" पण डबे त्यांनी टेबलावरून काढले नाहीत. मी काढायला गेलो तर माझ्यावरच डाफरले.

जायच्या आदल्या दिवशी बाई फाटकाशी आल्या. मला वाटलं, रडतील. म्हणाल्या, "मामी, तिकडची बोली मला येत नाही. मुलांना माझी येत नसणार. म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही सगळे सारखेच." मग जरा वेळानं हळूच, "पण आईचं काय करू हो?" एवढ्या प्रश्नांच्या बाई, पण स्वतःसाठी विचारलेला हा एकच प्रश्न मी ऐकला.

"न्या की बरोबर," सगुणा म्हणाली. "म्हातारीला डोंगर काय चावतोय?"

पुढं दोन-तीन वर्षांनी सगुणानं हट्टच धरला, बाईंना बघून यायचं. चिंचेचं लोणचं भरून घेतलं. एसटीनं हाडं खिळखिळी करून आम्हाला त्या पाड्यावर सोडलं. कंडक्टर म्हणाला, गाडी पुढच्या गावाला जाऊन तासाभरात परत येईल, तेवढीच. नंतरची उद्या. ओसरीवर बाईंची आई नाचणी पाखडत बसली होती. आम्हाला म्हणाली, "इथं येऊन माझे गुडघे दुखायचे थांबले, बघा."

शाळा म्हणजे एक खोली, बाहेर एक आंब्याचं झाड. बाई झाडाखाली पोरांत बसलेल्या, आणि पोरं त्यांना शिकवत होती. बाई त्यांच्या बोलीतला एक शब्द म्हणायच्या, पोरं पोट धरून हसायची, एक पोरगी कपाळाला हात लावून परत सांगायची. बाई परत चुकायच्या. मला वाटतं, काही वेळा मुद्दाम.

आम्हाला बघून उठल्या, सगुणाच्या गळ्यात पडल्या. पोरांनी आम्हाला घेरलं. तुम्ही कोण? लांबून आले का? ही तुमची बायको का? तुम्ही भांडता का? सगुणा टोपलीपुढं बसल्यासारखी ऐसपैस बसली आणि एकेकाला उत्तरं द्यायला लागली. भांडतो तर काय, रोज भांडतो, मी जिंकते. बाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. बोलायचं पुष्कळ होतं, पण त्यांनी त्या पोरांच्या मधे तोंड घातलं नाही. बदलीबद्दल मी विचारलं, वर अर्ज केला का? म्हणाल्या, "करीन. पुढच्या वर्षी." वाटत नव्हतं करतील असं.

तास केव्हाच संपला. एसटीनं हॉर्न दिला. बाई आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आल्या, लोणच्याची बरणी कडेवर घेऊन. आम्ही चढलो, खिडकीशी बसलो. गाडी हलली तशी सगुणानं हात बाहेर काढला, "येते हो बाई! जपा!" बाईंनी हात वर केला, तेवढ्यात एका चिमुरड्यानं त्यांचा पदर ओढला. काहीतरी विचारत होतं. बाई तिथंच धुळीत वाकल्या, कान त्याच्या तोंडाशी नेला. आमच्याकडं पाठ झाली.

"बघतबी नाहीत, बघा," सगुणा म्हणाली. पण रागानं नाही.

ते पोरगं अडखळत होतं, हातवारे करत होतं. बाईंना घाई नव्हती. गाडी वळणाला लागली तरी त्या तशाच वाकलेल्या होत्या, आणि सगुणाचा हात खिडकीबाहेर तसाच होता.